आपलं माणूस बरोबर आणा

टक्.

खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या, फ्रिजचा प्लग काढलेला, भिंतीवरचं घड्याळ पिठाच्या डब्यात पुरून ठेवलेलं. एवढ्या बंदोबस्तानं जमवलेली शांतता त्या एका आवाजानं फुटली. टेबलापलीकडे बसलेल्या प्लामेननं कानांवरचे हेडफोन मानेवर ओढले.

"हे काय वाजलं?"

"झाकण," गेर्गिना म्हणाली. "बरणीचं. थंड होताना आत ओढलं जातं. टक् वाजलं म्हणजे बरणी घट्ट बसली. हिवाळाभर बघायला नको."

कोपऱ्यात जुन्या कांबळ्याखाली बावीस बरण्या पालथ्या घातल्या होत्या. भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी. तिचा वास अजून घरभर होता.

"मावशी, दवाखान्याचं रेकॉर्डिंग करायचं म्हणून मी गोधड्या लावत बसलो, आणि तुम्ही आजच बरण्या भरल्यात?"

"ऑगस्ट आहे, बाबा. मिरच्या काय तुझ्या मशीनसाठी थांबतात?"

दवाखान्यात फोनवर आपोआप रिपोर्ट सांगणारं मशीन बसणार होतं, गेर्गिनाच्या आवाजात. तिथं ढकलगाड्यांचा खडखडाट, म्हणून रेकॉर्डिंग तिच्या घरी ठरलं होतं. शून्य ते नऊ आकडे प्रत्येकी दोनदा म्हणून झाले होते. एकदा वर चढणाऱ्या आवाजात, एकदा उतरत्या. 'रिपोर्ट तयार आहे, खिडकीवरून घेऊन जा' हे झालं. 'रिपोर्ट अजून आलेला नाही' हेही झालं. राहिलं होतं तिसरं वाक्य, आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

गेर्गिना सव्वीस वर्षं दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती. डॅन्यूबकाठच्या त्या लहानशा गावात तिला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, आवाजानं ओळखणारे सगळे. दुपारी प्रयोगशाळेतून यादी यायची. ज्या नावाखाली लाल रेघ असे, त्याचा फोन आला की ती आधी विचारायची, "घरात कोण आहे? मुलाला दे बघू फोन." कारण तिथं वाईट आजाराचं नाव आजारी माणसाला कुणी सांगत नाही. घरच्यांना सांगतात, आणि घरचे ते गिळून हसतमुखानं जेवायला वाढतात. घरात कुणीच नसेल तर गेर्गिना बेधडक सांगायची, "नाही आला अजून रिपोर्ट," आणि फोन ठेवून त्याच्या बहिणीचा नंबर फिरवायची. कुणाची बहीण कुठं, कुणाच्या घराची किल्ली कुठल्या शेजारणीकडे, सगळं तिला पाठ.

"आणि फोनवर कोण आहे, ते याला कसं कळणार?" तिनं सकाळीच विचारलं होतं.

"कुणाला?"

"तुझ्या मशीनला."

"ते विचारत नाही, मावशी. माणसानं तपासणीच्या चिठ्ठीवरचा नंबर दाबायचा. ते फक्त सांगतं."

डॉक्टरांनी लिहून दिलेलं वाक्य होतं, 'रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांना समक्ष भेटा.' दहा वेळा म्हणून झालं. कधी दरडावल्यासारखं येई, कधी रडवं.

"एखादा माणूस डोळ्यांपुढं आणा," प्लामेन म्हणाला, "आणि त्याला सांगा."

हे ज्याला सांगावं असा माणूस तिला सापडेना. शत्रूही आठवून पाहिला. शेवटी ती समोरच्या किटलीकडे बघत बसली. किटलीच्या पोटात तिचाच चेहरा फुगून वाकडा झाला होता. त्याच्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "रिपोर्ट तयार आहे. डॉक्टरांना समक्ष भेटा. येताना आपलं माणूस बरोबर आणा."

आणि तेवढ्यात झाकण वाजलं होतं.

"शेवटचं कागदावर नाहीये," प्लामेन म्हणाला.

"कागद डॉक्टरांचा. आवाज माझा."

तो हसला. "ठीक आहे. पण ते टक् आलंय आत. पुन्हा घेऊ."

पण आतल्या खोलीत टक् वाजल्यापासून कुणीतरी बारीक कुरकुरत होतं, त्यानं आता गळा काढला. गेर्गिनाची नात, दारिना, अकरा महिन्यांची. तिची आई, गेर्गिनाची लेक रुम्याना, शिवणाच्या कारखान्यात कामाला गेलेली. गेर्गिना पोरीला खांद्यावर टाकून थोपटत राहिली, पण पोरगी काही गप्प बसेना आणि प्लामेनची व्रात्साची बस चारची.

"जाऊ दे," तो वायरी गुंडाळत म्हणाला. "तेवढंसं कोण ऐकतंय!"

सोमवारी त्यानं मशीन जोडलं. राखाडी पेटी, पावाच्या डब्याएवढी. बोर्डामागे बसून तो एकेक तार तिथून सोडवायचा आणि पेटीत बसवायचा. आठ लाइनी. गेर्गिना आपल्या खुर्चीवर बसून बघत होती. पहिल्या लाइनीचा दिवा लागला. हात सवयीनं पुढं गेला. पण दिवा आपोआप विझला, आणि प्लामेननं तपासणीसाठी जोडलेल्या कर्ण्यातून ती स्वतःच म्हणाली, "नमस्कार. चिठ्ठीवरचा नंबर दाबा."

तिचा हात हवेतच राहिला. तिला कळलं की तिचे ओठही हलले होते.

"बघा मावशी," पेटीमागून प्लामेन म्हणाला, "आजपासून तुम्ही चहाला जा, झोपा, लग्नाला जा. काम चालूच."

पेन्शनला पाच वर्षं होती, म्हणून तिला खाली कोट ठेवायच्या खिडकीवर बसवलं. भेटायला येणाऱ्यांचे ओव्हरकोट घ्यायचे, पितळी बिल्ला द्यायचा. काम हलकं होतं. पण त्या खिडकीतून तिला दवाखान्याचं मोठं दार दिसायचं, आणि महिन्याभरातच तिच्या ध्यानात आलं की कोण काय ऐकून आलंय हे तिला इथूनही कळतं. एकटे आलेले रिपोर्टच्या खिडकीवरून कागद घेऊन शिट्टी वाजवत जात. दोघं आले, म्हणजे एक धरून आणि एक धरलेला, की ते तिनंच पाठवलेले. ती खाली मान घालून दोन कोट घ्यायची, दोन बिल्ले द्यायची. लोक बिल्ला घेताना तिच्या तोंडाकडे बघत.

गावानं ते टक् पहिल्या आठवड्यातच ऐकलं होतं. नुसत्या वाक्याला कुणी भ्यालं नसतं; डॉक्टरला भेटा म्हणजे काहीही असू शकतं. पण ते वाक्य संपल्यावर आत कुठंतरी काहीतरी घट्ट बंद झाल्यासारखं वाजायचं. बाजारात लोक हलक्या आवाजात विचारू लागले, "टक् वाजलं का?" "नाही, देवाची कृपा." "तिच्या नवऱ्याचं?" "वाजलं म्हणे."

"गिने," शेजारीण तोन्का जिन्यावर बसून भुईमुगाच्या शेंगांसारख्या सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणायची, "काल माझ्या दिराशी तू किती गोड बोललीस! जन्मात त्याच्याशी बायको इतकं गोड बोलली नसेल. रिपोर्ट स्वच्छ. मेला दोनदा फोन लावून ऐकत होता."

"मी नव्हते गं ती."

"तूच. आमच्या घरात तर तुझ्यापायी मी बरण्यांना फडकी बांधते आता. झाकण वाजलं की सासू छातीवर हात ठेवते."

तोन्का हसायची, पण सगळे हसत नसत. एकदा बेकरीच्या रांगेत गेर्गिना पुढच्या बाईला सहज म्हणाली, "आज पाव ताजा आहे." त्या बाईनं दचकून मागं पाहिलं. "नका ना बोलू," ती कळवळून म्हणाली. "गुरुवारपर्यंत तरी नका बोलू. माझा रिपोर्ट यायचाय अजून."

तेव्हापासून गेर्गिना बोटानं दाखवून पाव घेऊ लागली. दाखवता येईल ते दाखवायचं, मान हलवून भागेल तिथं मान हलवायची. बोलणं उरलं ते घरात, दारिनापुरतं. रुम्यानाचा कारखाना बंद पडला आणि ती इटलीत बेर्गामोला एका म्हाताऱ्याची देखभाल करायला गेली, तेव्हा घरात त्या दोघीच राहिल्या.

दारिना पाच वर्षांची व्हायला आली त्या उन्हाळ्यात प्लामेन पेटीची सफाई करायला आला. गेर्गिनानं त्याला खिडकीपाशी गाठलं.

"माझं एक काम कर. ते टक् काढून टाक."

"ते वाक्यातच मिसळलंय, मावशी. नुसतं उपटता येत नाही. वाक्य नव्यानं म्हणावं लागेल."

"म्हणते. या वेळी बरण्या नाहीत."

पुन्हा गोधड्या लागल्या, पुन्हा घड्याळ पिठात गेलं. दारिनाला तोन्काकडे पाठवलं. गेर्गिनानं ते वाक्य एका दमात म्हटलं. प्लामेन बटणावर बोट ठेवून बसला होता. त्यानं पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग जुनं रेकॉर्डिंग ऐकलं, मग नवं.

"हा आवाज कुणाचा?" त्यानं विचारलं.

"कुणाचा म्हणजे?"

"घसा किती दिवस बसलाय, मावशी?"

"बसलाय थोडा. वसंतात थंडी लागली होती."

"आता ऑगस्ट आहे." त्यानं मशीन बंद केलं. वायरी गुंडाळताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "कोलारोव डॉक्टरांना दाखवा. उद्याच. मी आवाजाचं काम करतो, मला दुसरं काही कळत नाही. पण हे कळतं."

घशातला कणभर तुकडा काढून तपासणीला गेला. तिला चिठ्ठी मिळाली. दहा दिवसांनी ती कोटाच्या खिडकीवरून उठून प्रयोगशाळेत गेली, तर आतली मुलगी, जिला तिनं बोर्डावरून हजारदा हाक मारली होती, कागद चाळतच राहिली. "फोन करायचा, गिनाकाकू. आता नियम आहे तसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरून फोन लावला. दारिना समोर बसून पावावर मध चोपडत होती. गेर्गिनानं नंबर दाबला. पलीकडून ती स्वच्छ, मोकळ्या आवाजात तेच आकडे परत म्हणून दाखवू लागली. चार. शून्य. सात. एक. चार वर्षांपूर्वीची बाई. शेवटचा आकडा तिनं शिकवल्याप्रमाणे उतरत्या आवाजात घेतला. नऊ.

"रिपोर्ट तयार आहे. डॉक्टरांना समक्ष भेटा. येताना आपलं माणूस बरोबर आणा."

टक्.

गेर्गिनानं मागं वळून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. त्या वर्षी तिनं बरण्या भरल्याच नव्हत्या. आणि मग फोन तुटायच्या आत, अगदी निसटतं, तिनं आणखी एक ऐकलं. इतक्या वर्षांत गावात कुणी ऐकलं नव्हतं, कारण टक् झाल्यावर कुणाचा कान जागेवर राहत नसे. लांब, दुसऱ्या खोलीत, झोपेतून उठणाऱ्या बाळाची कुरकुर.

ते बाळ समोर बसून बोटावरचा मध चाटत होतं.

"आजी, कोण होतं?"

"दवाखाना. पायमोजे घाल. आपल्याला जायचंय."

"मी पण?"

"आपलं माणूस बरोबर आणा म्हणून सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

गेर्गिनानं तिच्या केसांना फणी लावली. "मीच."

डॉक्टर कोलारोवनी दार उघडून आधी तिच्यामागं पाहिलं, मग जिन्याकडे.

"बरोबर कोण आलंय, गेर्गिनाबाई?"

"ही."

"मोठं कुणी?"

"रुम्याना बेर्गामोला आहे. भाऊ वारला. आहे ती ही."

डॉक्टरांनी खुर्ची दिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तीस वर्षांच्या कामात त्यांनी ही गोष्ट आजारी माणसाच्या तोंडावर कधी सांगितली नव्हती. सांगायची कशी ते त्यांना येतच नव्हतं. ते टेबलाला वळसा घालून आले, गुडघे कुरकुरवत खाली वाकले आणि दारिनाच्या डोळ्यांत बघत म्हणाले,

"हे बघ बाळ. तुझ्या आजीच्या गळ्यात एक वाईट गाठ आहे. सोफियाच्या मोठ्या दवाखान्यात ती काढावी लागेल. काढली तर आजी राहील. पण गाठीबरोबर आवाज जाईल. सगळा."

दारिनानं नीट ऐकून घेतलं. "आजीला सांगायचं का?"

डॉक्टरांनी वर गेर्गिनाकडे पाहिलं.

"सांग, माझ्या राणी," गेर्गिना म्हणाली.

दारिना तिच्याकडे वळली, तिच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि सांगितलं, "आजी, तुझ्या गळ्यात वाईट गाठ आहे. ती काढणार आहेत. मग तुला ओरडता नाही येणार मला." मग तिनं भर घातली, "पण तू राहणारेस."

सोफियाला जायला आठ दिवस होते. आवाज आहे तोवर पोरीला काहीतरी सांगून ठेवावं, कायमचं, असं गेर्गिनाच्या मनात रोज यायचं. पण सांगायला जावं तर तोंडातून निघे, पाय पूस. दार ओढून घे. अजून एक घास. आठ दिवस असेच गेले.

परत आली ती गळ्याला रुमाल बांधून. रुम्याना तीन आठवडे राहून गेली. मग पुन्हा त्या दोघीच. पाटी आणली होती, पण दारिनाला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून चमचा. टेबलावर एकदा वाजवला की हो, दोनदा नाही. पोरगी लवकर शिकली. पुढे पुढे ती फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारू लागली. "आजी, भूक लागली का तुला?" टक्. "रागावलीस?" टक् टक्. रुमालाआडून श्वासाची हलकी शीळ येई, तेवढाच काय तो घरात आवाज. गावातले लोक आता बेकरीत तिला स्वतःहून नमस्कार करत, जागा देत. फोनवर मात्र ती पूर्वीइतकीच बोलत होती.

मार्चमध्ये, लोकांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे दिसू लागले त्या दिवसांत, दारिनाला जिन्यावर तोन्काशी बोलताना गेर्गिनानं दारामागून ऐकलं.

"माझी आजी पण पूर्वी तुझ्यासारखीच बोलायची ना? अशी जाड?"

"जाड!" तोन्का म्हणाली. "अगं, तिच्यासारखा आवाज अख्ख्या—" आणि बी फोडायची थांबली. "विसरलीस होय गं?"

"नाही विसरले," दारिना घाईनं म्हणाली. "जाडच होता."

त्याच आठवड्यात प्लामेन घरी आला. टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"सोफियाहून नवीन मशीन येतंय, मावशी. त्यात बाई पण तिकडचीच. उद्या सकाळी मी जुनी पेटी सोडवून नेणार." दारिना त्याच्या वायरींच्या पिशवीत डोकावत होती. "म्हटलं, तुमचा आवाज कॅसेटवर काढून देऊ का? जास्त काही नाही. आकडे, आणि ती तीन वाक्यं."

चमचा दोनदा वाजला. गावाला एवढी वर्षं ज्यानं घाबरवलं ते घरात कशाला ठेवायचं?

प्लामेननं मान डोलावली. दारापाशी जाऊन तो वळला. "पेटीतली रिपोर्टांची यादी आज रात्रीपर्यंत तशीच आहे. जुने नंबरसुद्धा."

तो गेल्यावर ऊन टेबलावरून सरकत किटलीपर्यंत आलं. खोलीत दारिना बाहुलीला रागावत होती, आवाज मुद्दाम जाड काढून: "पाय पूस! दार ओढून घे!"

गेर्गिना उठली. कपाटातून चिठ्ठी काढली. चमच्यानं टेबलावर टकटक करून तिला बोलावलं, मांडीवर घेतलं, नंबर फिरवला आणि फोन तिच्या कानाला लावला.

दारिनाचे डोळे आधी नुसतेच मोठे झाले.

"कोण ही?"

गेर्गिनानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. चिठ्ठीवरचे आकडे दाबले.

"चार म्हणाली," दारिना कुजबुजली. "शून्य... आजी! जाड नाहीये!" ती फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, दूरच्या बसमधून उतरणारं माणूस ओळखू यावं तसा. "आजी, मी आहे, दारिना," ती फोनमध्ये म्हणाली. मग तिनं फोन कानाला घट्ट दाबला. "ती म्हणते, आपलं माणूस बरोबर आणा."

पुढच्या क्षणी ती दचकली. तिनं गेर्गिनाच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. चमचा हलला नव्हता.

"आणि तिथं एक बाळ उठलंय."

फोन तुटला. तिनं पुन्हा लावायला लावला. पुन्हा. तिसऱ्या वेळी फोन ठेवून ती गेर्गिनाच्या रुमालाला डोकं टेकून बसली. गेर्गिनाला वाटलं, झोपली. पण ती विचार करत होती.

"आजी," ती म्हणाली, "उद्या प्लामेनकाका तिला घेऊन जातील, तेव्हा तिच्याबरोबर तिचं माणूस कोण जाणार?"